खापरीची कड आणि सुयांची फणी

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेने निघालात की थोड्याच वेळात धाम नदी आडवी येते आणि पलीकडे पवनार दिसू लागते. विनोबा १९३८ साली येथे राहायला आले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आश्रमाची जमीन खणताना भरत-रामाच्या भेटीची जुनी दगडी मूर्ती निघाली, हेही पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु पवनारच्या मातीत मूर्तीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने दुसरी एक वस्तू पडली आहे. ती पायाखाली येते, नांगराला लागते, पोरे ती नदीत भाकऱ्या खेळायला फेकतात. ती वस्तू म्हणजे खापर, फुटक्या मडक्याचा तुकडा.

या खापराच्या निमित्ताने एका साध्या हत्याराविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. एका शाळेतील गुरुजींनी मला विचारले, "आकार टिपायची ती सुयांची फणी मिळते म्हणतात. काहीशे रुपयांत येते. शाळेच्या पैशातून घ्यावी का?" प्रश्न लहान होता. पण उत्तर द्यायला बसलो तेव्हा कळले की, वस्तूचा आकार मोजावा तरी कशासाठी, ते समजल्याशिवाय हे उत्तर देता येत नाही. म्हणून थोडे मागे जाऊ या.

आधी हे हत्यार काय आहे ते सांगतो. दोन पट्ट्यांमध्ये बारीक सुया एकमेकींना चिकटून ओळीने बसवलेल्या असतात. त्या सैल नसतात आणि पक्क्याही नसतात. दाबले की मागे सरकतात, सोडले की आहे तेथेच थांबतात. एखाद्या वाकड्या वस्तूवर ही ओळ दाबली की जेथे उंचवटा असेल तेथल्या सुया मागे जातात, जेथे खोलगट असेल तेथल्या पुढे राहतात. फणी उचलून कागदावर ठेवा आणि सुयांच्या टोकांवरून पेन्सिल फिरवा, आकार कागदावर उतरतो. दुकानदार तिला 'कॉन्टूर गेज' किंवा 'प्रोफाइल गेज' म्हणतात. आपण फणीच म्हणू. फरशी बसवणारा मिस्त्री चौकटीच्या नक्षीपाशी फरशी कापताना ती वापरतो, सुतार जुन्या दाराची गोलाई उतरवताना वापरतो. आणि पुराणवस्तूंचे संशोधक ती वापरतात खापराची कड टिपण्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, फुटक्या मडक्याची कड टिपून मिळायचे काय?

ऐका. विल्यम फ्लिंडर्स पेट्री नावाचा एक इंग्रज संशोधक होता. १८९० साली पॅलेस्टाईनमध्ये तेल-एल-हेसी नावाच्या टेकाडावर त्याने काम केले. टेकाड म्हणजे वस्तीवर वस्ती साचून झालेला उंचवटा. नदीने त्याची एक बाजू कापली होती आणि थर उघडे पडले होते. पेट्रीने पाहिले की खालच्या थरातली खापरे एका घडणीची आहेत, वरच्या थरातली दुसऱ्या घडणीची. म्हणजे ज्या थरात लेख नाही, नाणे नाही, तेथेही खापर आपला काळ सांगते. पुढे १८९९ साली त्याने याहून पुढची मजल मारली. मिसर देशातल्या सुमारे नऊशे जुन्या थडग्यांतील भांडी त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर नोंदली आणि त्या पट्ट्या मागेपुढे सरकवत क्रम लावला. त्याला एक दुवा मिळाला होता. काही रांजणांना धरण्यासाठी नागमोडी कान होते. ते हळूहळू लहान होत गेले, धरण्याच्या उपयोगाचे राहिले नाहीत, आणि शेवटी कानाच्या जागी नुसती नागमोडी रेघ उरली. या उतरत्या क्रमाने त्याने थडग्यांचा मागचा-पुढचा क्रम ठरवला. हातात घड्याळ नव्हते, पंचांग नव्हते. होता तो भांड्याचा आकार.

आपल्या देशात ही शिस्त रुजवण्यात मॉर्टिमर व्हीलर यांचा मोठा हात. ते १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. १९४५ साली पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे त्यांना इटलीत घडलेली भांडी सापडली. त्या भांड्यांचा काळ युरोपात आधीच ठरलेला होता, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. मग त्यांच्याबरोबर एकाच थरात पडलेल्या आपल्या देशी भांड्यांनाही काळ मिळाला. एका ओळखीच्या माणसाने दहा अनोळखी माणसांची ओळख करून द्यावी, तसे झाले. इकडे महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ह. धी. सांकलिया यांनी नाशिक, जोर्वे, नेवासे येथे उत्खनने केली आणि शिष्यांची एक पिढी तयार केली. त्याच परंपरेतले शां. भा. देव पुढे नागपूर विद्यापीठात आले. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली पवनारचे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षी छापून निघाला.

पवनारच का? त्याला कारण होते. वाकाटकांचा राजा दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकात होऊन गेला. महाराष्ट्री प्राकृतातले 'सेतुबंध' हे काव्य त्याचे मानतात. त्याचे पुष्कळ ताम्रपट प्रवरपूर या राजधानीतून दिलेले आहेत. हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. पुढे रामटेकजवळ मनसर येथे मोठे उत्खनन झाले, तेव्हापासून काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे शोधतात. वाद आहे, आणि तो असायला हरकत नाही. परंतु लक्षात घ्या, असा वाद शेवटी कशाने सुटतो? ताम्रपटाने, मूर्तीने, नाण्याने सुटतो, तसाच तो खापरांनीही सुटतो. कोणत्या काळी कोठे किती मोठी वस्ती होती, हे सांगणारा पुरावा गाड्या भरभरून मिळतो तो खापरांचाच. राजाचे नाव ताम्रपटावर असते, पण त्याच्या राज्यात शिजवणाऱ्या-सांडणाऱ्या माणसांचे नाव कोठेच नसते. त्यांचे मडके तेवढे मागे राहते.

आणि मडक्यातही कडच महत्त्वाची. याचे कारण आपल्या गावच्या कुंभाराला विचारा. पोटाचे तुकडे सगळे सारखेच दिसतात. पण चाकावर तोंड घडवताना कुंभार ओले फडके बोटात धरतो आणि कडेला वळण देतो. ते वळण त्याच्या हाताची सवय असते, बापाकडून आलेली. शिवाय गिऱ्हाइकाचीही गरज त्यात असते. झाकण बसायचे असेल तर कड एक प्रकारची, दोर बांधायचा असेल तर दुसरी, ओतायचे असेल तर तिसरी. गरज बदलली, रीत बदलली, की कड बदलते. म्हणून जाणता माणूस शंभर खापरांतून कडेची दहा वेगळी काढतो आणि आधी ती पाहतो.

येथे फणीचा संबंध येतो. एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बैलगाडीचे चाक करणारा सुतार चाकाच्या पाट्यांसाठी लाकडी साचा ठेवतो, कारण त्याला एकच आकार शंभर वेळा काढायचा असतो. त्याला फणी नको, साचाच हवा. खापरे टिपणाऱ्याचे उलट असते. त्याच्यापुढे शंभर वेगळे आकार येतात आणि प्रत्येक आकार एकदाच येतो. त्याला साचा निरुपयोगी, फणी उपयोगी. तेव्हा हे हत्यार घ्यावे की नाही, याचा पहिला विचार हा की, आपले काम सुताराच्या जातीचे आहे की खापरवाल्याच्या?

दुसरा विचार हत्याराच्या उणिवांचा. दुकानदार त्या सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

फणीची नजर तिच्या सुईएवढी असते. सुई एक मिलिमीटर जाडीची असेल, तर त्याहून बारीक खाच तिला दिसत नाही. वाकाटक काळाच्या एखाद्या वाडग्याच्या कडेवर केसाएवढी रेघ असेल, तर ती फणीच्या चित्रातून नाहीशी होते. दुसरे असे की सुया एकाच दिशेने मागे सरकतात. कड बाहेर वळून खाली चोचीसारखी झुकली असेल, तर त्या चोचीच्या खालची खोबण सुईला सापडतच नाही. दोनदा, दोन बाजूंनी टिपून तुकडे जुळवावे लागतात. तिसरे, फणी बाहेरचा आकार देते, जाडी देत नाही. जाडीसाठी कॅलिपर लागतो. आणि चौथे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. एक मऊ, कमी भाजलेले खापर हाती होते. फणी नवी, सुया घट्ट. मी ती उत्साहाने दाबली, आणि खापरावर बारीक ओरखड्यांची ओळच उमटली. दीड-दोन हजार वर्षे जे मातीत शाबूत राहिले, ते माझ्या हातात एका क्षणात ओरबाडले गेले. तेव्हापासून मऊ खापरावर मी फणी लावत नाही.

तिसरा विचार याहून मोठा आहे. कडेचा आकार टिपला, तरी ती कड उभी कशी धरायची? मूळ भांड्यात ती सरळ उभी होती, की आत झुकली होती, की बाहेर फाकली होती? हे चुकले तर लोट्याचे परात होते! याला उपाय फणीत नाही, तो टेबलावर आहे. खापर पालथे करून कड सपाट फळीवर टेकवा. डोळा फळीच्या पातळीला आणा. खापर हळूहळू मागेपुढे कलवा. कड आणि फळी यांच्यामधून उजेडाची फट दिसेनाशी झाली, की समजा, खापर आपल्या मूळ उभेपणात आले. मग शेजारी गुण्या उभा करून कल मोजा. या एका कृतीला पैसा लागत नाही, आणि सगळ्या हत्यारांहून तिचे मोल जास्त आहे.

मग भांड्याचे तोंड किती रुंद होते ते काढू. गुरुजनांनी हे गणिताच्या तासाला अवश्य घ्यावे. कडेच्या दोन टोकांमधले सरळ अंतर म्हणजे जीवा मोजा. तिच्या मध्यापासून कड किती उंच उठली आहे ते मोजा. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठ पटीने भागा आणि त्यात उंचीचा निम्मा मिळवा, त्रिज्या मिळते. समजा जीवा १२ सेंटीमीटर आहे, उंची दीड सेंटीमीटर. १४४ भागिले १२ म्हणजे १२, त्यात पाऊण मिळवला, पावणेतेरा. व्यास साडेपंचवीस सेंटीमीटर. म्हणजे हे चांगले मोठ्या तोंडाचे भांडे होते.

आता उंची मोजताना फक्त एक मिलिमीटर चूक झाली आणि दीडऐवजी १.४ आली, असे समजा. व्यास २७ सेंटीमीटरच्या थोडा वर जातो. दीड सेंटीमीटरची चूक, चालण्यासारखी. पण त्याच भांड्याचे खापर लहान असेल, जीवा फक्त ६ सेंटीमीटर, तर उंची साडेतीन मिलिमीटरच्या आसपास भरते. तेथे तीच एक मिलिमीटरची चूक झाली, तर साडेपंचवीसचा व्यास ३५ सेंटीमीटरच्या घरात जातो. हंडीचा रांजण होतो म्हणा ना! मुलांनी हे स्वतः करून पाहिले की त्यांना एक गोष्ट कायमची समजते. हत्यार चांगले असले तरी तुकडा पुरेसा मोठा नसेल, तर हत्यार त्याला मोठा करू शकत नाही. म्हणून जाणते लोक लहान तुकड्यांसाठी कागदावर एकात एक वर्तुळे काढून ठेवतात आणि कड कोणत्या वर्तुळावर नीट बसते ते पाहतात. आणि फारच लहान तुकडा असेल, तर व्यास लिहीतच नाहीत.

इतके ऐकल्यावर फणीला पर्याय काय, असे तुम्ही विचाराल. पर्याय आहेत आणि स्वस्त आहेत. डाक लावायची मऊ तार कडेवर हळूच दाबून वाकवा, अलगद उचला, कागदावर ठेवून रेघ मारा. तारेला चोचीखालची खोबणही सापडते, फणीला सापडत नाही. मात्र उचलताना तार वाकली तर आकार बिघडतो, आणि त्या तारेत शिसे असते, म्हणून काम झाल्यावर मुलांचे हात धुवायलाच हवेत. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा थोडा थोडा कातरून कडेला बसवणे, हा दुसरा उपाय. वेळ खातो, पण डोळ्याला शिकवतो. अलीकडे फोटो काढून संगणकावर आकार उतरवतात, प्रकाशकिरणांनी सबंध खापर मोजणारी यंत्रेही आली आहेत. मोठ्या संस्थांना ती शोभतात. परंतु शाळेच्या ओसरीवर पट्टी, पेन्सिल, आलेख कागद आणि गुण्या एवढ्यावर काम सुरू होते.

तर मग घ्यावी की नाही? याच जिल्ह्याच्या जवळचा एक जुना कस तुम्हाला सांगतो. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी मोठ्या मार्मिक होत्या. चरख्याची किंमत दीडशे रुपयांहून जास्त नको. तो बाईमाणसाला फार न थकता आठ तास चालवता यावा. नीट निगा राखली तर किमान वीस वर्षे टिकावा. आणि दुरुस्तीला वर्षाला किमतीच्या शेकडा पाचाहून अधिक खर्च येऊ नये. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण प्रश्न विचारण्याची ती रीत आपल्या हाती राहिली. किंमत किती, चालवणार कोण, टिकणार किती, आणि मोडले तर दुरुस्त कोठे होणार?

या कसाला फणी लावून पाहा. प्लास्टिकची फणी स्वस्त असते. तिचा दात मोडला तर गावात बसवून मिळत नाही, आणि काही काळाने दात सैल पडले तर आकार हलतो. धातूची फणी महाग, पण सुई वाकली तर काढून सरळ करता येते, पट्टीचे स्क्रू आवळता येतात. म्हणून माझे मत असे: एकट्या शाळेने, वर्षाकाठी दहा-वीस खापरे पाहण्यासाठी, फणी घेऊ नये. त्या पैशात एक चांगला कॅलिपर आणि आलेख कागदाच्या वह्या घ्याव्यात, त्या रोज गणितालाही कामी येतात. पण केंद्रातल्या दहा शाळांनी मिळून धातूची एक फणी घेतली आणि ती आळीपाळीने फिरवली, तर तो पैसा वाया जाणार नाही. आणि ज्या महाविद्यालयात इतिहासाचे विद्यार्थी शेकड्याने खापरे टिपतात, त्यांनी ती घ्यावीच. तेथे तिचा वेळ वाचवण्याचा गुण खरा उपयोगी पडतो.

पण मंडळी, एवढ्यावर थांबलो तर मुख्य गोष्ट राहून जाईल. आपण शेतीच्या जमिनीला काळी म्हणतो आणि गावठाणाच्या जमिनीला पांढरी. जुन्या पांढरीची माती राखेने, शेणाने, वस्तीच्या केरकचऱ्याने सुपीक झालेली असते. शेतकरी ती खोदून शेतात टाकतो. त्यात त्याचा दोष नाही, खत महाग आहे. परंतु गाडीमागून गाडी, आता ट्रॉलीमागून ट्रॉली, अशी पांढरी उचलली जाते आणि तिच्याबरोबर थरही जातात. एकदा थर मोडला की खालचे खापर वर आणि वरचे खाली होते. मग पेट्रीला जे वाचता आले, ते कोणालाच वाचता येत नाही. पुस्तकाची पाने सुटी करून वाऱ्यावर सोडल्यासारखे ते होते.

म्हणून फणीपेक्षा वही आधी. खापर कोणत्या गावच्या पांढरीत, कोणत्या शेताच्या बाजूला, पृष्ठभागावर की नाल्याच्या कापात, कोणत्या तारखेला दिसले, ते लिहा. आकार पुन्हा टिपता येतो, खापर हाती आहे तोवर. जागा पुन्हा टिपता येत नाही. आणि एक पथ्य कडक पाळा. खणू नका, मुलांना खणू देऊ नका. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे हे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तूंच्या व्यवहारावर निर्बंध आहेत. मूर्ती, नाणे, मणी, काही दिसले तर तेथेच ठेवून कळवा. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व यांचा विभाग आहे. तेथल्या जाणत्यांना एखाद्या गुरुजींची नीट लिहिलेली वही मिळाली, तर ती त्यांच्या खूप उपयोगाची ठरेल.

त्या गुरुजींना मी हेच उत्तर दिले. ते थोडे हिरमुसले, मग हसले. म्हणाले, "म्हणजे हत्यार नको, नजर हवी." मी म्हटले, "नजर हवीच, गुरुजी, पण वहीही हवी. नजर तुमच्याबरोबर जाईल, वही मागे राहील."

उद्या-परवा धामेच्या काठी गेलात आणि पायाखाली एखादे कडेचे खापर आले, तर ते नदीत फेकण्यापूर्वी क्षणभर हातात धरा. अंगठा कडेवरून फिरवा. जेथे तुमचा अंगठा आहे, तेथेच केव्हातरी एका कुंभाराचे ओले फडके फिरले होते. त्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही. त्याच्या हाताचे वळण मात्र अजून मोजता येते.